पदवीचे पहिले वर्ष : प्रवेश, गळती आणि भाषा

प्रास्ताविक

भाषा आणि समाज यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना आपण बोली, प्रमाणभाषा, जात, लिंग, प्रदेश या घटकांकडे पाहतो. महाविद्यालय हाही एक भाषिक समाज आहे, त्याचे स्वतःचे शब्द, संकेत आणि रीती आहेत, आणि त्या न उमगल्यामुळे अनेकांचे शिक्षण पहिल्याच वर्षी थांबते, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. प्रस्तुत घटकात या प्रश्नाचा विचार मुख्यतः बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात करावयाचा आहे. आपल्यापैकी काहीजण कधीकाळी नियमित महाविद्यालयाचे पहिले वर्ष अर्धवट सोडून, पुढे कित्येक वर्षांनी मुक्त विद्यापीठाकडे आलेले असतील. त्यांना हा विषय नवा वाटणार नाही.

तीन क्रियापदे

शैक्षणिक व्यवहारात ‘गळती’ हा शब्द रूढ आहे. पान गळते, छप्पर गळते, तसा विद्यार्थी गळतो. ‘गळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ते वापरले की घटना आपोआप घडल्यासारखी वाटते आणि तिची जबाबदारी कोणावरच राहत नाही. घागर गळते तेव्हा दोष पाण्याला द्यावा की घागरीला, हा प्रश्न त्या शब्दात दडून जातो. ‘टिकणे’ हे दुसरे क्रियापद. तेही अकर्मकच, पण ते सारी जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकते : जो हुशार असेल, चिकाटीचा असेल, तो टिकेल. तिसरे क्रियापद ‘टिकवणे’, म्हणजे ‘टिकणे’चे प्रयोजक रूप. येथे प्रथमच दुसरा कर्ता येतो. कोणीतरी विद्यार्थ्याला टिकवतो. प्रथम वर्षासाठी योजल्या जाणाऱ्या कार्यक्रमांमागील सारा विचार या तिसऱ्या क्रियापदात सामावलेला आहे.

उच्च शिक्षणाची आपली आकडेवारी मात्र बहुतांशी प्रवेशाची असते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये 18 ते 23 वयोगटाचे स्थूल नोंदणी प्रमाण देशात 28.4 टक्के होते. 2035 पर्यंत ते 50 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठेवले आहे. नोंदणीचे हे प्रमाण वाढणे आवश्यकच आहे. पण जुलैमध्ये हजेरीपटावर चढलेले नाव मार्चमध्ये वर्गात होते काय, हे त्यातून कळत नाही.

विचाराची पूर्वपीठिका

अमेरिकेत 1970 च्या मे महिन्यात साउथ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर तेथील अध्यक्ष थॉमस जोन्स यांच्या पुढाकाराने 1972 मध्ये ‘युनिव्हर्सिटी 101’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यापीठ म्हणजे काय, येथे वाचायचे कसे, मदत कोणाकडे मागायची, हे नव्या विद्यार्थ्याला एका शिक्षकाने छोट्या गटात सांगायचे, अशी ही साधी कल्पना होती. पुढे जॉन गार्डनर यांनी तिला चळवळीचे रूप दिले. व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये मांडलेला सिद्धांत याच काळातील आहे. विद्यार्थी संस्थेच्या बौद्धिक आणि सामाजिक जीवनात जितका मिसळतो तितका तो टिकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा सिद्धांत निवासी विद्यापीठांना बराच लागू पडतो. परंतु रोज घरून येणारा, काम करून शिकणारा, घराण्यातला पहिलाच पदवीचा विद्यार्थी त्यात नीट बसत नाही. अमेरिकेत असे विद्यार्थी प्रामुख्याने ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये, म्हणजे सर्वांना खुला प्रवेश देणाऱ्या दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांत दिसतात. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने अशा महाविद्यालयांसाठी 2007 मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक विद्यार्थ्यामागे नेमका एक सल्लागार होता, पाठ्यपुस्तकांसाठी साहाय्य होते आणि शहराच्या बस-रेल्वेचा मोफत पास होता. या कार्यक्रमाची काटेकोर तुलनात्मक चाचणी झाली. कार्यक्रमातील सुमारे 40 टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी पूर्ण केली, तर कार्यक्रमाबाहेरच्या गटात हे प्रमाण सुमारे 22 टक्के होते. सल्लागार, पुस्तक आणि प्रवास या तीन गोष्टींपैकी तिसरी आपल्या जिल्ह्यातील वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी.

आपल्याकडील परंपराही विसरता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि तेथे ‘कमवा आणि शिका’ योजना राबवली. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय उभे केले. खेड्यातील मुलाला प्रवेश देणे पुरेसे नाही, त्याच्या भाकरीची आणि निवाऱ्याची तजवीज केली तरच तो शिकेल, हे या मंडळींनी कोणताही सिद्धांत न वाचता ओळखले होते.

एस.टी., सोयाबीन आणि हजेरीपट

बुलडाणा जिल्ह्याचे तेरा तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे विभागले जातात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. घाटावरच्या बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार या भागाचा आधार एस.टी. हाच आहे. येथील महाविद्यालयीन दिवस घड्याळापेक्षा बसच्या फेरीवर अधिक चालतो. शेवटची तासिका सुटण्यापूर्वी गावाकडची गाडी निघत असेल, तर त्या तासिकेचा विषय त्या गावातील मुलांना वर्षभर शिकवलाच जात नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे एक तपशील पाहण्यासारखा आहे. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेनुसार ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षात आली की हा लाभ संपतो. त्यानंतर विद्यार्थी सवलतीचा पास घ्यावा लागतो, म्हणजे भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भाग स्वतः भरावा लागतो. रक्कम फार मोठी नसते. पण ज्या घरात ‘बारावी झाली, आता पुरे’ हा विचार आधीच दारात उभा असतो, तेथे पासाचे पैसे हे एक सबळ कारण होते. शिक्षणाचा टप्पा बदलतो, त्याच वेळी प्रवासाचा आधार सुटतो आणि स्थळे येऊ लागण्याचे वयही तेच असते. तुळशीचे लग्न होऊन लगीनसराई सुरू झाली की पहिल्या वर्षाच्या वर्गातील काही बाके रिकामी होतात. त्या मुलींची नावे हजेरीपटावर तशीच राहतात.

मुलांचे वेळापत्रक वेगळे असते. सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीनची सोंगणी, मागोमाग कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी. पहिल्या सत्राची परीक्षाही याच सुमारास जवळ येते. तीन आठवडे शेतात राबून परतलेल्या मुलाला वर्ग पुढे गेलेला दिसतो. त्याला कोणी विचारत नाही, तोही कोणाला विचारत नाही, आणि हळूहळू येणे थांबते. या काळात घरी केलेला एखादा फोन पुष्कळ काही करू शकतो. दोन तपांहून अधिक काळ प्रथम वर्षाचे वर्ग घेताना माझे असे मत झाले आहे की, परीक्षेतील अपयशापेक्षा न विचारली गेलेली अनुपस्थिती अधिक विद्यार्थी घालवते.

प्रत्येक अनुपस्थिती ही गळतीच असते, असेही नाही. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारा मुलगा निवड झाल्यावर महाविद्यालय सोडतो, तेव्हा त्याने आपले उद्दिष्ट गाठलेले असते. त्याला आणि सोयाबीनमागे हरवलेल्या मुलाला एकाच आकड्यात मोजणे चुकीचे होय.

न सांगितलेली भाषा

आता या घटकाच्या गाभ्याकडे येऊ. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये विद्यापीठीय वर्गातील भाषाव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राध्यापक वापरत असलेले अनेक शब्द विद्यार्थ्यांना नीट कळत नाहीत, तरीही दोन्ही बाजू कळल्याचा देखावा चालू ठेवतात, असे त्यांना आढळले. विद्वत्तेची भाषा कोणाचीही मातृभाषा नसते, मात्र काही घरे तिच्या जवळ असतात आणि काही फार दूर, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

आपल्या वर्गात हे अंतर दोन पातळ्यांवर दिसते. पहिली पातळी बोलीची. ‘सर, मले हे समजलं नाही’ असे एखादी मुलगी म्हणते आणि शहरातली चार मुले हसतात. पुढचे सहा महिने ती प्रश्न विचारत नाही. या ‘मले’मध्ये व्याकरणाची कोणतीही चूक नाही. ‘ला’ प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येणे हा वऱ्हाडीचा नियम आहे, जसे ‘डोळा’चे ‘डोया’ होणे हाही नियमच. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (1905) वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद घेतली आहे. प्रमाणेतर बोली बोलणाऱ्यांची विचारशक्ती उणी असते, हा समज विल्यम लबॉव यांनी न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीच्या आधारे 1969 मध्येच खोडून काढला. महानुभावांचे आद्य मराठी गद्य याच वऱ्हाडच्या परिसरात घडले आणि ‘लीळाचरित्रा’त लोणारचा उल्लेख येतो. हे त्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कोणी सांगितले, तर तिला अभ्यासक्रम परका वाटणार नाही.

दुसरी पातळी अधिक अवघड आहे, कारण ती दिसत नाही. ‘साधार स्पष्ट करा’, ‘चिकित्सा करा’, ‘विशद करा’, ‘मर्म सांगा’ ही प्रश्नपत्रिकेतील क्रियापदे पाहा. शाळेत बहुधा धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर धड्यातच असते. येथे मात्र ‘कथेतील आजीच्या स्वभावाची साधार चर्चा करा’ असे विचारले जाते आणि विद्यार्थी चार पाने कथेचा सारांश लिहितो. त्याने कथा वाचलेली असते, आजी त्याला कळलेलीही असते. ‘साधार’ म्हणजे आपल्या प्रत्येक विधानाला कथेतील एखादी कृती किंवा बोलणे पुरावा म्हणून द्यायचे, आणि ‘चर्चा’ म्हणजे विरुद्ध बाजूही पाहायची, एवढे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला गुण कमी पडतात आणि ‘मराठी आपल्याला जमत नाही’ असा निष्कर्ष तो काढतो. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याने असे म्हणावे, यासारखे दुःख मराठीच्या शिक्षकाला दुसरे नाही.

कार्यालयीन शब्दांचे हेच आहे. क्रेडिट, मेजर, मायनर, अंतर्गत मूल्यमापन, बोनाफाईड असे शब्द खिडकीतून झपाझप येतात. ‘एटीकेटी’ हा त्यांतला सर्वांत घातक शब्द म्हणावा लागेल. काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्गात जाण्याची ती परवानगी असते. पण घरी निकाल सांगताना तिचे भाषांतर ‘नापास’ असे होते, आणि सवलत म्हणून दिलेली गोष्ट शिक्षण थांबण्याचे निमित्त बनते.

स्वागतापलीकडे

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नव्या विद्यार्थ्यांसाठी परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. संस्थेशी ओळख, मार्गदर्शक शिक्षक, ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी संवाद हे सारे तिच्या विचारात आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण आणि चहा इतक्यात ती आटोपते. त्या दिवशी निम्म्या मुलांचे प्रवेशही झालेले नसतात. परिचयाची खरी गरज पहिल्या दिवशी नसतेच. ती सोंगणीनंतरच्या आठवड्यात आणि पहिल्या निकालाच्या दिवशी असते.

नव्या धोरणानुसार पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि सोबतचा अल्प कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्रासह बाहेर पडता येते आणि पुढे परतताही येते. ज्याला खरोखर थांबणे भाग आहे, त्याच्या हाती काहीतरी राहते, ही जमेची बाजू. मात्र या तरतुदीमुळे गळतीला ‘निर्गमन’ असे प्रतिष्ठित नाव मिळून विचारपूसच बंद होण्याचा धोकाही आहे. परतीचे दार उघडे असले, तरी परत कसे यायचे हे सांगणारे माणूस तेथे लागते.

1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट खुली केली, ती याच विचाराने. दूरशिक्षणात वर्ग नसतो, त्यामुळे रिकामे बाक कोणाला दिसत नाही. येथे संपर्कसत्र आणि आपल्या हातातील ही पुस्तिका, एवढीच टिकवण्याची साधने आहेत.

स्वाध्याय

आपल्या अभ्यासकेंद्रातील मागील वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतून कोणतेही पाच प्रश्न निवडा. प्रत्येक प्रश्नातील क्रियापद अधोरेखित करून त्याचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत, बारावी झालेल्या धाकट्या भावंडाला सांगावा तसा लिहा. नंतर पहिल्या वर्षी शिक्षण सोडलेल्या आपल्या परिचयातील एका व्यक्तीशी बोला. ती शेवटची वर्गात गेली त्या आठवड्यात घरी, शेतात आणि महाविद्यालयात काय चालले होते, हे विचारून, तिचे नाव न घेता, तिच्याच शब्दांत एका पानात नोंदवा. पुढील संपर्कसत्राला हे पान सोबत आणावे.