सायट्रान्स म्हणजे नुसता दणदणाट?

फुलपाड्यासारख्या वस्तीत हळदीच्या रात्री एखाद्या जुन्या कोळीगीताचा ट्रान्स मिक्स सुरू झाला की वडीलधारी माणसं म्हणतात, "यात संगीत कुठंय?" आणि पोरांना वाटतं, आवाज चढवला की झाला ट्रान्स. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

सायट्रान्स या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, त्यातही डार्कसाय आणि हायटेक या त्याच्या टोकाच्या प्रकारांचा कणा म्हणजे किक आणि बास. मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा खोल ठोका, पडते आणि पुढची किक येईपर्यंत बासचे सहसा तीन तुटक ठोके बसवलेले असतात. साधा सायट्रान्स मिनिटाला १४०-१४५ मात्रांच्या आसपास चालतो, डार्कसाय १५०च्या पुढे जातो, हायटेक तर १८०-२००पर्यंत पळतो. १८०च्या लयीत सेकंदाला तीन किक आणि बासचे नऊ ठोके, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा बारावा भाग. तेवढ्यात बास थांबला नाही तर तो पुढच्या किकवर चढतो आणि सगळा विचका होतो. म्हणून एकेका ठोक्याची लांबी बारकाईनं छाटावी लागते. ही शिस्त कुठल्याही तालवाद्याइतकीच कडक आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हे सगळं युरोपातून आयतं आलं, असंही म्हणतात. वाजवणारे बहुतेक परदेशी होते, हे खरं. पण ऐंशीच्या दशकात गोव्यात हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर गाण्यांतले शब्द वगळून, कॅसेटींवर वाद्यांचे तुकडे जोडून रात्ररात्र नाच चालायचा. तिथूनच सायट्रान्सचा पूर्वज 'गोवा ट्रान्स' घडला. १९७०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला डीजे गोवा गिल पुढे डार्कसायकडे वळला आणि चोवीस-चोवीस तास सलग वाजवत राहिला. २०२३ साली तो गेला.

याच्या उलट टोकाचाही एक दावा केला जातो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले होते. ते ऐकून कुणी त्यांना शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताचे जनक ठरवतं. ते बरोबर नाही, कारण ती रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही, जगाला ती २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर कळली.

राहिला कानाचा त्रास. तो खरा आहे, पण त्याचं कारण लयीत नाही, स्पीकरच्या भिंतीत आहे. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारनं मोजक्या सणांना दिलेली मध्यरात्रीपर्यंतची सवलत हा त्याला अपवाद. शिवाय अरुंद गल्लीत खर्ज इमारतींवर आपटून परततो आणि पहिल्यांदा बुडतात ते किकांमधले ते तीन ठोकेच.