अण्णांची दाढी आणि साबणाचा फेस

गेल्या वर्षी अण्णांच्या हाताला कंप सुटला आणि त्यांची दाढी करण्याचे काम माझ्याकडे आले. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यामुळे त्यांची बारीकशी जखमही बराच वेळ वाहत राहते. पहिल्याच दिवशी मी ब्रश साबणावर खूप घासला. पण आले ते विरळ, मोठमोठे बुडबुडे, आणि पाठोपाठ हनुवटीवर रक्ताचा ठिपका. आरशात पाहत अण्णांनी एवढेच विचारले, "पाणी कोणते घेतलेस?"

मी कूपनलिकेचे घेतले होते. अशा जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. फेस धरण्याआधीच बराचसा साबण त्यात खर्ची पडतो. पाणी उकळले तरी हा जडपणा काही अंशीच जातो. तेव्हापासून पिण्याच्या शुद्ध केलेल्या पाण्यातले वाटीभर पाणी आम्ही दाढीसाठी कोमट करून घेतो.

अंगाच्या साबणाने हे काम नीट होत नाही. दाढीच्या साबणात सोडियमबरोबर बहुधा पोटॅशियमचाही क्षार असतो, म्हणून तो पाण्यात लवकर उतरतो. स्टिअरिक आम्लामुळे फेस दाट होतो व टिकतो. मात्र हे आम्ल पाम तेलापासून निघते, तसेच जनावरांच्या चरबीपासूनही. वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' असेल तर ती चरबीच. 'सोडियम पामेट' म्हणजे पाम तेल. नुसते 'स्टिअरिक आम्ल' लिहिले असेल तर उत्पादकाला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. ब्रशाचेही तेच. आमच्या घरातला जुना ब्रश डुकराच्या राठ केसांचा निघाला! इतकी वर्षे कोणी चौकशीच केली नव्हती. अण्णांनी तो त्याच दिवशी बाजूला काढला. आता कृत्रिम तंतूंचा आणला आहे. त्याला भिजत ठेवावे लागत नाही आणि तो वाळतोही लवकर.

आधी कोमट पाण्याने भिजवलेला पंचा दोन-तीन मिनिटे गालांवर धरावा. केस पाणी पिऊन मऊ होतात. ब्रश ओला करून झटकावा आणि साबणावर अर्धा मिनिट फिरवावा, दाबू नये. टोकांवर दाट लेप आला की रिकाम्या वाटीत घोळायला घ्यावे. येथेच घाई नडते. पाणी थेंबाथेंबानेच घालावे, दर वेळी ते पूर्ण मुरू द्यावे. लेप निस्तेज आणि ओढल्यासारखा दिसला तर पाणी कमी. बुडबुडे डोळ्यांना दिसू लागले तर जास्त, अशा वेळी ब्रश पुन्हा साबणावर फिरवावा. घट्ट दह्यासारखा, किंचित चकाकणारा फेस आला की पाते अडत नाही.

वाटी हल्ली अण्णाच मागून घेतात. कापऱ्या हाताने फेस उत्तम घोळला जातो, असे त्यांचे म्हणणे आहे. पाते तेवढे माझ्याकडे असते.