डबा लपवण्याआधी विहीर बघा

सन २००० च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग हा शोधखेळ असा सुरू झाला.

गेल्या हिवाळ्यात जतजवळच्या माळावर मी मुलांसाठी तो रचला. रेखांश सरळ दिला, अक्षांशासाठी कोडे घातले: १७.० नंतरचे तीन अंक शोधा. उर्दूत 'जत' लिहून अबजदच्या किमती मिळवा. जीमचे ३, तेचे ४००; उत्तर ४०३. मोकळ्या आभाळाखाली हातातले यंत्र पाच-दहा मीटरपर्यंत नेते. पुढे बाभळीच्या बुंध्याशी डबा.

एका गटाने घाईत ४३० भरले. इथे शेवटचा अंक एकाने बदलला की जागा ११ मीटर सरकते. २७ चा फरक म्हणजे ३०० मीटर.

"मॅडम, पोरं विहिरीकडं चाललीत!"

विहिरीला कठडा नव्हता. मी धावले, मुले वेळेत थांबली. चूक माझीच होती.

आता कोड्याखाली ताळा देते. अंकांची बेरीज पुरत नाही, दोन्हींची ७ च येते. म्हणून लिहिते, 'उत्तराला १३ ने पूर्ण भाग गेला तरच निघा.' ४०३ ला जातो, ४३० ला नाही. आसपासचा माळ आधी स्वतः चालून पाहते आणि प्रत्येक गटासोबत एक मोठे माणूस देते. सुट्टीत तुम्हीही खेळ रचा, पण एवढे करूनच.