दुखत नाही, म्हणून थांबू नका



उसाचा पोंगा वाळलेला दिसला की तुम्ही लगेच कोंब उपटून खोडकीड शोधता. मग गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला, तर ‘दुखत नाही ना, राहू दे’ असे का म्हणता? तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखू लागेपर्यंत तो बराच पसरलेला असतो.

आपल्या सोनई परिसरात बांधावर, पारावर, कारखान्याच्या काट्यापुढे रांगेत, सगळीकडे तंबाखू-चुना मळला जातो. घरातल्या आयाबहिणी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावतात. ते व्यसन आहे असे त्यांना वाटतही नाही. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी पोरांच्या खिशात पुडी सापडते. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात सुपारीलाच कर्करोगकारक म्हटले आहे.

खेड्यातल्या माणसांची तोंडे तपासण्याचे काम महाराष्ट्रात फार पूर्वी झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासून 1972 साली अहवाल प्रसिद्ध केला. अशा तपासणीने जीव वाचतो का, याचे उत्तर केरळात मिळाले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली आणि संशयित रुग्ण डॉक्टरांकडे धाडले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे 2005 साली दिसून आले.

आणखी एक शंका घरोघरी निघते. ‘गाठ गळ्यात नाही, मग डॉक्टर मानेचे ऑपरेशन का सांगतात?’ मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हेच तपासले. रोग सुरुवातीचा असतानाच तोंडाबरोबर मानेतल्या ग्रंथीही काढल्या, तेव्हा तीन वर्षांनंतर शंभरातले 80 रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण सुमारे 67 होते. हा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. म्हणून डॉक्टरांनी असा सल्ला दिला, तर घाबरून घरी परतू नका.

आता घरी काय कराल? महिन्यातून एकदा चूळ भरून, उन्हाच्या उजेडात आरशापुढे उभे राहा. दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, किंवा उभी धरलेली तीन बोटे तोंडात न जाणे, यांपैकी काहीही आढळले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आपल्याच जिल्ह्यात लोणीला प्रवरेचे रुग्णालय आणि दंत महाविद्यालय आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा; तिच्यात कर्करोगावरील उपचार येतात.

प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. तंबाखू सुटली की काही चट्टे मावळतातही. पण तो कसला आहे हे डॉक्टरच सांगतील, शेजारी किंवा दुकानदार नव्हे. आजी-आजोबांची आणि मिश्री लावणाऱ्या बाईचीही तपासणी करा. बायका स्वतःहून सांगत नाहीत. ऊसतोड संपू दे, लग्न उरकू दे, म्हणून दिवस ढकलू नका. तोडणी चार दिवस पुढे गेली तरी चालेल.