भाजी विकणारीच्या ताटातही भाजी हवी

पाऊस सुरू झाला की अलिबाग, पेण, रोहा, मुरूड भागातल्या बाजारांत आणि रस्त्यांच्या कडेला आदिवासी वाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. आधी शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी आणि पाऊस स्थिरावला की कंटोळी. आमच्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेरही अशा दोघी-तिघी बसतात. त्यांतलीच एक गेल्या पावसाळ्यात चक्कर येते म्हणून तपासणीला आली. हिमोग्लोबिन होतं ७. मी सवयीने म्हणालो, ‘‘मावशी, हिरवी पालेभाजी खात जा.’’ ती हसली. म्हणाली, ‘‘सायेब, मीच खाल्ली तर इकू काय?’’

तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. पण माझा सल्ला किती अपुरा होता, हे त्या प्रश्नाने दाखवून दिलं. टोपलीतल्या भाजीतून तिच्या घरात तांदूळ, तेल, मीठ येतं आणि मुलांसाठी पाच-दहा रुपयांची पाकिटं येतात. भाजी मात्र दुसऱ्याच्या घरी जाते.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. दुसरीकडे, भाजी विकत घेऊ शकणाऱ्या घरांत मधुमेह वाढतो आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं खायला हवीत. भात, कालवण आणि ताटाच्या कडेला चमचाभर भाजी, एवढ्याने हे प्रमाण भरत नाही.

आपल्याच बाजारात काय मिळतं?

चांगल्या आहारासाठी लांब जायची गरज नाही. वालात प्रथिनं आणि तंतू भरपूर असतात. डोंगरउतारावरच्या नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. कोळणीकडचा सुका जवळा आपण सालासकट खातो, त्यामुळे प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळतं. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेले मासे बेतानेच खावेत. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. तो औषध नाही, पण तिखट नसल्याने कच्चा सहज खाता येतो. खात्रीच्या शेतकऱ्याकडून त्याची माळ घेतली, तर नावाचा मोबदला योग्य हातात पडतो.

ताजेपणालाही महत्त्व आहे. तोडल्यानंतर दिवस जातात तसं पालेभाजीतलं क जीवनसत्त्व कमी होतं. सकाळी खुडलेली भाजी दुपारी शिजली, तर तिचा लाभ अधिक. पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, म्हणून वर लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर केवळ भाजीने भागत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात.

थोडी काळजीही हवी. शेवळं, अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज सुटते. शेवळं करताना काकडं किंवा चिंच घालण्याची पद्धत विकणारीलाच विचारा आणि भाजी नीट शिजवा. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. हौसेने रानात जाऊन स्वतः काही खुडू नये. कळलावीचा विषारी कंद चुकून खाणं जिवावर बेतू शकतं.

बाजार हीसुद्धा आरोग्यसेवा

बाजारात दिवसभर बसणाऱ्या अनेक बायका पाणी पीत नाहीत, कारण जवळ स्वच्छतागृह नसतं. मग लघवीची जळजळ, ताप, पोटदुखी घेऊन त्या आमच्याकडे येतात. आम्ही गोळ्या देतो आणि त्या पुन्हा त्याच जागी जाऊन बसतात. बाजारात स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि डोक्यावर छप्पर असणं म्हणजे निम्मा उपचार आहे.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. पथविक्रेत्यांच्या हक्कांचा कायदा २०१४पासून आहे. २०१६मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तेही चांगलंच. पण महोत्सव एक-दोन दिवसांचा, टोपली मात्र पावसाळाभर भरायची असते. ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी या बायकांना बसायला पक्की जागा द्यावी. ग्रामसभेत हा विषय काढणं आपल्या हातात आहे.

आपणही एवढं करू शकतो. आठवड्यातून दोनदा भाजी अशा टोपलीतून घ्यावी आणि जुडीमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. ते पाच रुपये आपल्या हिशेबात दिसतही नाहीत. तिच्या घरी मात्र त्यावरून एखादी जुडी विकायची की शिजवायची, हे ठरतं.

ती मावशी तीन महिन्यांनी पुन्हा आली, तेव्हा गोळ्यांनी हिमोग्लोबिन १० झालं होतं. आता ‘पालेभाजी खा’ एवढं सांगून मी थांबत नाही. ‘‘आज किती विकली आणि घरी किती नेली?’’ असं विचारतो.