मखमली कोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : मृगाचा किडा म्हणजेच मखमली कोळी.
वस्तुस्थिती : पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसणारा लालभडक, मऊ मृगाचा किडा कोळी नव्हे, तो गोचिडीच्या गोत्रातला. मखमली कोळी इरेसिडी कुळातले. अंगावरच्या दाट, आखूड केसांमुळे त्यांना हे नाव पडलं. त्यांतली स्टेगोडायफस सारासिनोरम ही जात भारतातल्या कोरड्या, काटेरी झुडपांत वसाहत करून राहते.

गैरसमज : वाळवंटातले कोळी भक्ष्यामागे वाळूत धावत सुटतात.
वस्तुस्थिती : मखमली कोळ्याची मादी सहसा घर सोडत नाही. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातली स्टेगोडायफस लिनिएटस झुडपाच्या फांद्यांत रेशमाचं शंकूसारखं घरटं बांधते आणि त्याला लागूनच जाळं विणते. त्या धाग्यावर गोंद नसतो. मागच्या पायांवरच्या फणीनं ती रेशीम पिंजते आणि त्या लोकरीसारख्या तंतूंत किडे अडकतात. वाळून जाईल असं जाळ्यात काही नसतंच.

गैरसमज : भर उन्हात हे कोळी शिकार करूच शकत नाहीत.
वस्तुस्थिती : नामिब वाळवंटातला सेओथायरा वाळूवर हरणाच्या खुराच्या ठशासारखं जाळं पसरून खालच्या बिळात दबा धरतो. वाळू ६५ अंश सेल्सियसच्या वर तापली तरी तो झटकन वर येतो, भक्ष्याला चावतो आणि अंग निववायला परत बिळात शिरतो.

गैरसमज : पिल्लं क्रूरपणे आईचा जीव घेतात.
वस्तुस्थिती : या मरणाची तयारी आईच करते. लिनिएटसची मादी सहसा एकदाच अंडी घालते आणि अंड्यांची पिशवी स्वतः फाडून पिल्लांना बाहेर काढते. तोवर तिच्या पोटातल्या पेशी विरघळायला लागलेल्या असतात. तोच द्रव ती तोंडातून पिल्लांना भरवते. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं तिच्या अंगावर चढून तिला शोषून घेतात. ती पळत नाही, झटापटही करत नाही. शेवटी उरतं ते तिचं रिकामं कवच.

गैरसमज : या कोळ्यांत धोका फक्त नराला.
वस्तुस्थिती : लिनिएटसचा नर घरट्यात शिरून अंड्यांची पिशवी बाहेर फेकतो, म्हणजे मादी पुन्हा समागमाला तयार होते. मादी पिशवीसाठी त्याच्याशी झुंजते, कधी जखमी होते, कधी मरतेही.

झुडपातलं असं घरटं कोळिष्टक समजून काठीनं पाडू नये. आत अंडी असतील, तर एका मादीचं अख्खं आयुष्य त्यात लागलेलं असतं.