यकृत आणि एक मिथिल

औषधाचा दोष औषधातच असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. रसायनशास्त्र शिकवताना ती मोडण्यासाठी मी नेहमी घराघरांतल्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घेत आलो. गोळी पोटात गेली की यकृत तिला परकी ठरवते आणि पाण्यात सहज विरघळेल असे रूप देऊन लघवीवाटे बाहेर काढते. बहुतांश पॅरासिटामॉल असे निमूट निघून जाते. थोड्या भागाचे मात्र सायटोक्रोम पी-४५० ही विकरे ऑक्सिडीकरण करतात आणि ‘नॅपक्वी’ हा अतिक्रियाशील रेणू जन्मतो. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडते. डोस प्रमाणाबाहेर गेला, तर ग्लुटाथायोनचा साठा आटतो. नॅपक्वी पेशींतल्या प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरू लागतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा तो साठा पुन्हा भरतो. पहिल्या ८ तासांत मिळाला तर सर्वांत गुणकारी. म्हणजे विष बाहेरून आले नव्हते. घर झाडतानाच ते तयार झाले.

यावर रसायनतज्ज्ञ काय करतात? सुडोक्सिकॅम आणि मेलोक्सिकॅम ही सूज व वेदनेवरची जुळी भावंडे पाहा. दोघांतही गंधक आणि नायट्रोजन असलेले थायाझोल हे पंचकोनी कडे आहे. मेलोक्सिकॅमच्या कड्यावर एक मिथिल गट जादा, एवढाच फरक: एक कार्बन, तीन हायड्रोजन. सुडोक्सिकॅमच्या मानवी चाचण्या यकृताला गंभीर इजा झाल्याने थांबवाव्या लागल्या; मेलोक्सिकॅम आजही वापरात आहे. सुडोक्सिकॅममध्ये विकरे थेट कड्यावर घाव घालतात. ते फुटून ॲसिलथायोयुरिया हा घातक तुकडा उरतो. मेलोक्सिकॅममध्ये विकरांना मिथिल गट सोपा सापडतो. त्याचे आधी अल्कोहोल, मग आम्ल होते आणि कडे बहुतांशी शाबूत राहते. शिवाय दिवसाचा डोस ७.५ ते १५ मिलिग्रॅम, म्हणून यकृतावरचा भारही कमी.

विकरांना अडवण्यापेक्षा त्यांना निरुपद्रवी वाट दाखवावी, हा यातला धडा मला फार मोलाचा वाटतो. आता नवा रेणू माणसाला देण्याआधीच यकृताच्या अर्कात ग्लुटाथायोनसह घोळवतात. ग्लुटाथायोनने काही पकडले, तर धोक्याची जागा कळते. मग तो गट बदलतात, झाकतात किंवा डोस कमी लागेल असा रेणू घडवतात. तरीही एखाद्याचीच प्रतिकारशक्ती बिथरून होणारी इजा ही चाचणी हमखास ओळखत नाही. म्हणून औषध बाजारात आल्यानंतरही त्याच्यावर नजर ठेवावी लागते.